कारखाना की व्यापार

अमळनेरच्या एका तेलगिरणीत मी दरवर्षी कारखान्यांच्या सरकारी पाहणीसाठी जातो. तिथले म्हातारे मुकादम नाना आधी बोटावर तेल घेऊन हुंगतात, मगच बोलतात. यंदा घाणे बंद होते. गुजरातहून टँकरने आलेलं तेल नुसतं पिशव्यांत भरलं जात होतं.

"नाना, कारखाना लिहू की व्यापार?" मी विचारलं. व्यापार लिहिलं, तर गिरणी आमच्या मोजणीतूनच जाणार होती.

"कारखाना चालू शे, भाऊ!" म्हणत त्यांनी खटका दाबला. रिकामा घाणा धडधडू लागला. पिशव्या भरणाऱ्या बाया चमकून बघायला लागल्या.

"लिखा ना," नाना म्हणाले.

मी पेन रकान्यावर नुसतं धरून राहिलो. थोड्या वेळाने त्यांनीच घाणा बंद केला.

"काय लिखानं, ते मालेबी समजत नही."