धुडकूआप्पांची तीस वर्षांची मंदी

सुरतेतल्या नवागाममध्ये धुडकूआप्पांची खानावळ तीस वर्षं चालू आहे, आणि तीस वर्षं तिथे मंदी आहे. निदान आप्पा तरी तसंच सांगतात. दुपारी बाकड्यांवर जागा नसते, लूमवरचे चार-पाच कारागीर ताट हातात घेऊन दारातच उभे असतात, शेवभाजीच्या पातेल्यात पळी तळाला खणखणते, आणि अशा वेळी कुणी विचारलं, "काय आप्पा, धंदा कसा?" की आप्पा खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसतात, जवळचं कुणी गेल्यासारखा चेहरा करतात आणि म्हणतात, "मंदी शे, भाऊ."

आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. सुरतेत आले ते लूम चालवायला. आठ वर्षांत लूमच्या खडखडाटाने डावा कान गेला, तेव्हा उजवा वाचवायला म्हणून त्यांनी खानावळ काढली. त्यांचा मुलगा गोपाल महापालिकेच्या मराठी शाळेत माझा विद्यार्थी होता. निवृत्त झाल्यापासून माझं दुपारचं जेवण तिथेच असतं. बसतो आप्पांच्या उजव्या बाजूला.

पुढचे सहा महिने कसे जातील, याबद्दल व्यापाऱ्यांना काय वाटतं ते पेपरात छापून येतं. आप्पा ते वाचत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष ताटाकडे. कारागीर जादा शेव मागायला लागले की लूम जोरात आहेत. नुसता रस्सा मागायला लागले की कापडाला उठाव नाही. रस्साही न मागता पाणीच जास्त प्यायला लागले, तर कारखान्याला आठवडाभर कुलूप लागणार. मी पाच वर्षं हे पडताळून पाहिलं. एकदाच चुकलं, पण त्या दिवशी शेवच खवट होती.

यंदा दिवाळीनंतर शेवेचं पोतं दोन दिवसांतच संपू लागलं. मी आप्पांना म्हटलं, "आता तरी तेजी म्हणा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "एकच दाव बोलनू व्हतू, गुरुजी. चांगलं चालनं शे म्हणे. त्याच दुपारले पंखा डाळमा पडना."

हे खरं आहे. आप्पा एकदाच तसं बोलले आणि त्याच दुपारी छताचा पंखा सुटून डाळीच्या पातेल्यात पडला होता, आणि जेवणाऱ्या अकरा जणांना डाळ ताटाऐवजी अंगावर मिळाली होती. तेव्हापासून आप्पांच्या तोंडून 'चांगलं' हा शब्द धंद्याच्या बाबतीत निघालेला नाही.

आता अडचण अशी झाली की त्यांच्या सुनेला, सुषमाला, इच्छापोरला एक गाळा हवा होता. हजिरा रोडवर, कारखान्यांच्या तोंडावर, कंत्राटी कामगारांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. सात वर्षं ती सासूच्या चुलीवर भाकरी थापत होती. हाताला चव सासूपेक्षा जास्त, पण हे बोलायची सोय नाही. तिला स्वतःची चूल हवी होती. गाळा मिळाला नाही तर गोपाल वापीला नोकरी धरणार, हे ठरलेलं. म्हणजे नवरा वापीला आणि आपण आयुष्यभर सासूच्या चुलीपाशी.

गाळ्याचे मालक मगनभाई. आणखी दोन खानावळवाले त्यांच्या मागे लागले होते. मगनभाईंनी निरोप पाठवला, "शनिवारी जेवायला येतो. धंदा कसा चालतो ते बघतो आणि ठरवतो."

सुषमा माझ्याकडे आली. "गुरुजी, आप्पा मंदी म्हणतील आणि सगळं मातीत जाईल. तुम्ही पोरांकडून पाढे पाठ करून घेतलेत. यांच्याकडून एक वाक्य घ्या."

वाक्य मी सोपं निवडलं: धंदा चांगला आहे, पुढे आणखी वाढेल. आप्पांना 'धंदा' जमलं. 'आहे' जमलं. मधला शब्द आला की खोकला यायचा. आम्ही पाणी दिलं, गूळ दिला. चौथ्या दिवशी आप्पा डोळे मिटून, दोन्ही हातांनी डाळीचं पातेलं धरून, ते वाक्य पूर्ण बोलले. वर पंखा स्थिर होता. सुंदराबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, तरीही ते पातेलं उचलून बाहेर ओट्यावर नेऊन ठेवलं.

मग आप्पा गिऱ्हाइकांवर सराव करू लागले. लखन नावाच्या कारागिराने नेहमीसारखं विचारलं, "कसा धंदा?" आप्पा म्हणाले, "चांगला शे. पुढे वाढी."

लखनचा घास हातात राहिला. "आप्पा, गावी चालले का?"

"नही रे."

"मग तब्येत?"

संध्याकाळपर्यंत नवागाममध्ये बातमी झाली की आप्पा खानावळ मोडताहेत. दोघे जण सुंदराबाईंना विचारून गेले की बाकडी विकायची आहेत का. मी आणि सुषमा यावर खूप हसलो. खरं तर तेव्हाच आमच्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मी छत्तीस वर्षं मुलांना सांगत आलो, की उदाहरण नीट वाचा.

शनिवारी मगनभाई आले. पांढरा झब्बा, हातात किल्ल्यांचा जुडगा. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. दोन घास खाऊन खूश होऊन त्यांनी मान हलवली. मग मुद्द्यावर आले. "तो धुडकूभाई, धंदो केवो छे?"

सुषमा दाराआड, गोपाल माझ्या पाठीमागे. आप्पांनी डोळे मिटले.

"धंदा चांगला आहे, पुढे आणखी वाढेल."

एक खोकला नाही. सुषमाने तिकडून पदर तोंडाला लावला. मगनभाईंचं चावणं मात्र थांबलं होतं.

"चांगला?"

"चांगला."

मगनभाईंनी ताटातच हात धुतला. "जुओ भाई, साठ वर्षं झाली मला या शहरात. धंदा चांगला आहे असं मला तीनच माणसांनी सांगितलं. तिघेही महिन्याभरात शटर पाडून पसार. एकाचं तर शटरही गेलं." त्यांनी जुडगा झब्ब्याच्या खिशात टाकला आणि उठले.

आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. पाठ केलेलं संपलं होतं. आता जे आलं ते पोटातून आलं. "काय सांगू, मगनभाई! शेंगदाणा महाग, मिरची महाग. शेव तर सोन्यासारखी. गिऱ्हाईक बसतं तर उठत नाही, उठतं तर बडीशेप मूठभर नेतं. कसला धंदा! मंदी शे मंदी!"

मगनभाई दारातून वळले. चेहऱ्यावर हळूहळू ऊन आलं. परत येऊन बसले. "मंदी? तमने शुं मंदी? मंदी मला विचारा! सचिन गावात माझे दोन गाळे आहेत, त्यांच्या भिंतीसुद्धा रडतात."

"भिंती रडतात ते बरं. माझं पातेलं रडतं."

"अरे, माझा तर मुनीमही आता चहा अर्धाच पितो."

"माझ्याकडे अर्धाही उरत नाही."

तासभर दोघं एकमेकांवर कुरघोडी करत राहिले. एवढ्या आनंदात मी दोन माणसांना कधी पाहिलं नाही. मध्येच मगनभाईंनी दुसरं ताट मागवलं, जादा शेव घालून. आप्पांनी माझ्याकडे पाहून डोळा बारीक केला. शेवेचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत.

जाताना मगनभाईंनी जुडग्यातून एक किल्ली काढून ताटाशेजारी ठेवली. "धुडकूभाई, माणूस भरवशाचा वाटतो. इतकं रडणारा पळून नाही जात."

इच्छापोरला चूल पेटली त्या दिवशी मी गेलो होतो. सकाळच्या पाळीची माणसं रस्त्यापर्यंत उभी होती, बारा वाजायच्या आत डब्यातलं पीठ संपलं आणि गोपाल स्कूटरवर आणखी आणायला पळाला. सुषमाच्या कपाळावर घाम आणि राख, चेहरा मात्र असा की दिवा लावायची गरज नव्हती.

"काय सुषमा," मी विचारलं, "कसा काय धंदा?"

तिने तोंड उघडलं. मग वर पाहिलं. नवा कोरा पंखा गरगरत होता, आणि बरोबर त्याच्या खाली डाळ. तिने दोन्ही हातांनी पातेलं भिंतीकडे सरकवलं, पदराने तोंड पुसलं आणि जवळचं कुणी गेल्यासारखा चेहरा केला.

"मंदी शे, गुरुजी."