तांडेलाची हजेरी

त्या तांडेलाची आठवण निघाली की आजही माझी मान ताठ होते. चोर-दरोडेखोर पुष्कळ पकडले, पण खरा अभिमान वाटतो तो कधीच न नोंदलेल्या या प्रकरणाचा.

पन्नासच्या दशकात मी रेवदंड्याच्या बाजूला फौजदार होतो. एके सकाळी एका तांडेलाची, म्हणजे मासेमारी होडीच्या म्होरक्याची, बायको ठाण्यावर आली. महिन्यापूर्वी तिच्या नवऱ्याने नारळी पौर्णिमेआधीच, दर्याला नारळ न देता होडी लोटली होती आणि त्याचा एक खलाशी बुडाला होता.

"सायेब, त्यांनी आपली जाळी भावाला देऊन टाकली," ती म्हणाली. "मला भ्या वाटतं."

ना चोरी, ना मारामारी. हवालदाराने जांभई दिली. पण ऐन हंगामात कोळी जाळी देऊन टाकतो, हे मला खटकले; निरवानिरव करणारा माणूस असेच करतो. मी तांडेलाला बोलावून घेतले.

जीव द्यायचा प्रयत्न तेव्हा गुन्हाच होता. कलम सांगून दम भरावा, असे हवालदाराचे मत. त्याला मी चहा आणायला पिटाळले आणि सरळ विचारले, "तांडेल, जीव द्यायचं मनात आहे का?"

असे विचारले की माणूस बिथरतो, असे सगळे सांगत. हा बिथरला नाही. बराच वेळ रडला.

"व्हय सायेब. चूक माजी, नि दर्यानं नेला त्याला."

चूक नाही, असे मी म्हणालो नाही. त्याला ते पटलेच नसते. चहा गार होईपर्यंत ऐकत राहिलो. मग हुकूम सोडला, "उद्यापासून रोज सकाळी हजेरी. तसं पुन्हा मनात आलं तर कधीही यायचं. आणि मी सांगेपर्यंत बायको किंवा भाऊ, कोणीतरी सोबत हवंच."

हजेरी आम्ही गुंडांना लावत असू. कोळीवाड्यात हसे होईल म्हणून तो कुरकुरला, पण आला. आधी नुसता बाकावर बसे. मग वाऱ्याबद्दल, मासळीबद्दल बोलू लागला. एके दिवशी उशीर झाला, कारण भावाकडून परत आणलेली जाळी सांधत बसला होता. त्या आठवड्यात मी हजेरी बंद केली.

काही महिन्यांनी तो पुन्हा ठाण्यावर आला. बुडालेल्या खलाशाच्या म्हाताऱ्या बापाला त्याने हाताला धरून आणले होते.

"सायेब, यांनी जेवण सोडलंय. मला इचारलंत तसं यांनाबी इचारा."

मी खुर्ची पुढे ओढली. विचारायला भिऊ नये आणि विचारून झाल्यावर उठून जाऊ नये, एवढे मी या प्रकरणात शिकलो. पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक फौजदाराला तेच शिकवले.