डिनी हॅनरहनचा पहिला नकार

लिमरिकच्या दक्षिणेला, बॅलिऑर्गनच्या डोंगरउतारावर डिनी हॅनरहनने पन्नास वर्षे घोड्या राखल्या. शर्यतीच्या अस्सल जातीच्या, पण एका वेळी एकच. सासऱ्याने लग्नात दिलेल्या घोडीची लेक, मग तिची लेक, असा तो वंश नॅनपर्यंत चालत आला होता. त्यातली शिंगरे दूर दूर धावली, क्वचित जिंकलीही. डिनी स्वतः कधी शर्यतीला गेला नाही. "धावतं ते विकलेलं," म्हणायचा. "माझं ते चरतं."

आधी बायको गेली, मग कमरेचा खुबा गेला. नॅन गाभण होती आणि व्यायणाऱ्या घोडीपाशी गुडघे टेकून बसणारा माणूस लागतो. डिनीने तिला विकायचे ठरवले. किमतीची त्याला फारशी फिकीर नव्हती. घोडी कुणाच्या हातात जाते, एवढाच घोर होता.

तो हातही त्याने मनाशी हेरून ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी नदीकाठचे कुरण घेऊन राहिलेली डॅनिश बाई, इंगे. तिच्या घोड्यांचे खूर त्याने कुंपणावरून न्याहाळले होते. खूर खोटे बोलत नाहीत.

शनिवारी ती आली. नॅनच्या आयाळीखाली हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. मग तिने भाव सांगितला. डिनीच्या मनात होता त्याहून चांगला.

"त्या भावात मी तिची शेपटीसुद्धा द्यायचो नाही," डिनी म्हणाला.

त्याचा बापही हेच म्हणाला असता. त्या पंचक्रोशीत पहिला भाव घेणे म्हणजे जनावरात खोट आहे असे कबूल करणे. गिऱ्हाइकाने रागावून फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पुन्हा जायचे. शेवटी मध्यस्थाने दोघांचे हात ओढून एकमेकांत घालायचे. डिनीचे सौदे त्याचा मेव्हणा मॅटी जुळवायचा. मॅटीला जाऊन दोन वर्षे झाली होती.

इंगेने विचारल्याबद्दल माफी मागितली, नॅनची मान थोपटली आणि ती फाटकाकडे निघाली. सौदा ओल्या हाताने पक्का होतो, म्हणून डिनी तळहातावर थुंकून तयार राहिला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. हाक पोचायला दहा पावले पुरली असती. पण गिऱ्हाइकामागे धावलेला हॅनरहन त्या गावाने अजून पाहिला नव्हता.

उद्या येईल, परवा येईल, करता करता दोन आठवडे गेले. नॅनची कास भरू लागली. डिनीला पाण्याची बादली पेलेना. तेव्हा क्रिस्टी गाहन आला, जत्राजत्रांतून घोडे फिरवणारा व्यापारी. त्याने इंगेच्या निम्मा भाव सांगितला, डिनीच्या कुंपणाला नावे ठेवली, त्याच्या नाकाची टिंगल केली, तीनदा फाटकापर्यंत जाऊन तीनदा परतला. "दे की आता हात, म्हाताऱ्या, बूट झिजले माझे," म्हणाला. सगळे कसे रीतीप्रमाणे झाले. डिनीने हात दिला.

ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांशी इंगे भेटली. नॅन व्याली का, म्हणून विचारू लागली. विकली, असे डिनीने सांगितले.

"मला वाटलं, तुमच्यानं तिला सोडवत नाही," ती म्हणाली. "म्हणून पुन्हा विचारलं नाही. तुम्हाला दुखवायचं नव्हतं मला."

"आमच्यात पहिलं 'नाही' म्हणजे 'नाही' नसतं, बाई."

"हे मला कोण सांगणार होतं?"

मग घोडी आता कुठे आहे, तिने विचारले. क्रिस्टीने ती पुढे विकली होती, आणि व्यापारी आपल्या गिऱ्हाइकाचे नाव कधी सांगत नाहीत.

"याच आठवड्यात व्यायेल," डिनी म्हणाला. "शिंगरू उभं राहिलं तरी ती त्याला पिऊ देत नाही. तिच्या डोक्याशी उभं राहून कुणीतरी बोलत राहावं लागतं, मग देते. तिथं कुणाला ठाऊक असणार?"

"काय बोलायचं असतं?"

"काहीही," डिनी म्हणाला. "पाऊसपाण्याचं बोललं तरी चालतं."