गनेसरेतची डावी बाजू

समीर, आजोबा गेल्याचं कळल्यावर तू फोनवर मला एकच विचारलंस. "आजी, शेवटच्या व्हिडिओ कॉलवर आजोबा फक्त रूथताईशीच का बोलले? मला विसरले होते का?" तेव्हा घरात माणसं होती, नीट उत्तर देता आलं नाही. आता काही आठवडे झालेत. नोएडातल्या या फ्लॅटमध्ये शांतता आहे, म्हणून लिहून सांगते.

आजोबा शाळेत भूगोल शिकवत आणि रविवारी आमच्या मराठी चर्चच्या शब्बाथशाळेत मुलांना बायबल. तिथेही ते भूगोलच शिकवतात, अशी पाळकसाहेब थट्टा करत. त्यांचा आवडता धडा गनेसरेतचा. गालील सरोवराच्या पश्चिम काठावरचं हे छोटं, सुपीक मैदान ते परातीत ओल्या कणकेनं थापत. उजवीकडे तळ्यासाठी निळी ताटली, डावीकडे डोंगर, आणि चमच्याच्या दांड्यानं काढलेले ओढे. "इथे अक्रोड आणि खजूर शेजारी शेजारी पिकत," ते सांगत. "म्हणजे काश्मीर आणि राजस्थान एकाच शेतात. तळं समुद्रसपाटीच्याही खाली, म्हणून ऊब. आणि माती ओढ्यांनी डोंगरातून आणलेली. काळी, आपल्या नगरकडच्यासारखी." स्वतः तिथे कधी गेले नाहीत. चर्चची सहल निघाली, पण बस त्या मैदानात थांबणार नव्हती. "खिडकीतूनच बघायचं तर घरी परात आहे," म्हणाले आणि राहिले.

मेंदूच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं शाबूत राहिलं, पण डावी बाजू त्यांच्या लेखी उरली नाही. डोळे चांगले होते; लक्षच तिकडे जात नसे. ताटात डावीकडे चटणी असायची आणि हे विचारायचे, "आज चटणी नाही?" फिजिओथेरपिस्ट म्हणे, "अंकल, लेफ्ट देखिए." हे म्हणत, "देख तो रहा हूँ, भाई."

तुम्हा दोघा भावंडांचा तो कॉल झाला त्याच आठवड्यात त्यांनी परात मागितली. पुन्हा एकदा धडा घ्यायचा होता. उजव्या हातानं मैदान थापलं, ताटली ठेवली, म्हणाले, "झालं."

"अहो, डोंगर?"

"कुठले डोंगर?"

"मग माती कुठून आली?"

काहीतरी चुकतंय एवढं त्यांना कळलं, काय ते कळेना. "राहू दे," म्हणाले. "मला आता शिकवता येणार नाही..."

मी परात तशीच ठेवली आणि त्यांची चाकाची खुर्ची टेबलाच्या पलीकडे नेली. तिथून रिकामी बाजू त्यांच्या उजवीकडे आली. त्यांनी पाहिलं आणि चिडून विचारलं, "इथले डोंगर कोणी काढले?"

"कोणी नाही. तुम्ही लावा."

त्यांनी सगळे लावले. कडा अंगठ्याच्या नखानं उभा कापला, ओढे काढले. मग थांबले. "अगं, तळं कुठंय?"

"आहे. मला दिसतंय."

"मग ठीक आहे," ते म्हणाले.

धडा काही झाला नाही. त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. पण समीर, त्या कॉलवर रूथ पडद्याच्या उजवीकडे होती आणि तू डावीकडे. तू त्यांच्यात होतास, डोंगर होते तसाच.

चाकाची खुर्ची परत दिली. जेवणाची एक खुर्ची मात्र मी पलीकडे ठेवली आहे. कामाला येणारी सरिता झाडताना ती रोज इकडे आणते. "आंटीजी, अकेले को दो तरफ़ कुर्सी क्यों?" म्हणते. मी ती पुन्हा पलीकडे नेते. सकाळचा चहा इकडे घेते, दुपारचा तिकडे.