नाकातल्या औषधाचं पत्रक

जे औषध अजून तयारच झालेलं नाही, त्याच्या भरवशावर तुमच्या घरात कुणी ताप अंगावर काढलाय का? आमच्या घरात काढला, आणि तो भरवसा मी छापून वाटला होता.

स्वाइन फ्लूचं साल होतं. हुमनाबादला फार्मसीच्या एका सरांचं भाषण ऐकलं. केसाच्या जाडीपेक्षा हजारपट बारीक कण. त्यांच्यावर लस चढवायची आणि नाकात फवारायची. सुई नको, कदाचित फ्रिजही नको. आमच्या तालुक्यात अर्धा दिवस लाईट नसते, त्यामुळं मी पेटलेच. त्याच आठवड्यात बसवकल्याणच्या स्टँडवर पत्रक वाटलं: ‘सुईविना औषध हा गरिबाचा हक्क.’ सर आणखी एक वाक्य बोलले होते, "हे अजून उंदरांवर चाललंय." घोषणा मोठ्या टायपात बसेना, म्हणून तेवढी ओळ मी काढली. लस ताप यायच्या आधी घ्यायची असते, हेही कुठं लिहिलं नाही.

महिनाभरानं दाजी पुण्याच्या बांधकामावरनं खोकत गावी, कोहिनूरला आले. तिसऱ्या दिवशी अक्का तापली. तिला सातवा महिना होता. आठवड्यानं मी पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"दवाखान्यात कामून गेली न्हाईस?"

"तिथं सुया टोचतेत. तूच लिव्हलीस की, नाकात मारायचा दवा यायलाय म्हणून. पोटातल्याला बाधू नये, म्हणून थांबले."

दाजी खाली बघत म्हणाले, "शिकलेल्या मेव्हणीचं कोण खोडणार?"

जीपनं बसवकल्याणला नेलं. डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, सलाईन लावली, फ्लूच्या गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्या तिथंच कपाटात होत्या, आठवडाभर. बाई पोटावर नळी फिरवत बाळाचे ठोके शोधत राहिल्या. मग म्हणाल्या, "आहेत. पण फार उशीर केलात."

चौथ्या दिवशी अक्का उठून बसली. सुजलेल्या हाताकडं बघत म्हणाली, "इतक्या सुया खाल्ल्या. आता पुढच्या कागदावर माझा फोटू छाप."

बारीक कणांचं ते औषध यावं, असं मला आजही वाटतं. त्यासाठी मी भांडेनही, आणि आलं की गावोगाव सांगत फिरेन. पण तुमच्या घरात पोटुशी बाई तापली असेल, तिला दम लागत असेल, तर वाचणं इथंच थांबवा आणि तिला आत्ताच दवाखान्यात न्या.