विटांवरच्या दोन गाड्या

जुनी सीट उसवली की आत काय काय निघतं म्हणून सांगू! शेंगांची टरफलं, केसांतल्या पिना, एसटीची तिकिटं. एकदा एका वऱ्हाडाच्या जीपमधून अक्षता निघाल्या होत्या, अजून पिवळ्या. बसणारा माणूस उतरून जातो आणि फटीत काहीतरी ठेवून जातो. हिंगोलीत डेपोच्या रस्त्याला माझं सीट कव्हरचं दुकान आहे. लोक गाडी बाहेरून बघतात, मी पंचवीस वर्षं आतून बघतोय. किस्सेही तसेच फटीत साचलेत. हात घातला की एखादा लागतो. आज हाताला लागले ते दिगंबरराव!

*

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दिगंबरराव वसमतकडचे हळदवाले शेतकरी. त्या वर्षी हळदीला असा भाव लागला की गड्याचे पाय जमिनीला लागेनात. एका दुपारी ते दुकानात आले, काखेत शोरूमची दोन रंगीत पुस्तकं. एकात सेडान, दुसऱ्यात एसयूव्ही. आमच्या भाषेत एक लांब गाडी, एक उंच गाडी.

"उस्ताद, कव्हर शिवायचं हाय. लेदरचं."

"आणा की गाडी."

"गाडी घ्यायची हाय अजून. लांब का उंच, ठरून न्हाई राहिलं."

"मग माप कशाचं घेऊ?"

"माझं घ्या की! बसणार तर मीच हाय!"

चहा झाल्यावर खरी गोष्ट निघाली. कौसल्यावहिनींना गाडी लागायची. थोडीथोडकी नाही. हिंगोलीला यायचं तरी औंढ्याला एसटी थांबली की कंडक्टर ओरडायचा, "आधी त्या बाईला उतरू द्या!" लेक रेखा पुण्याला दिलेली. जावयानं तिथं घर घेऊन चार वर्षं झाली होती आणि आईनं लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं!

"हिला लागणार न्हाई अशी गाडी पायजे, उस्ताद. बाकी कशी का असंना," दिगंबरराव हळूच म्हणाले. त्या दिवसापासून मला हा माणूस आवडायला लागला.

*

नांदेडला जाऊन त्यांनी ट्रायल घेतली, तो किस्सा दिगंबरराव स्वतःच रंगवून सांगायचे.

लांब गाडीचं दार उघडून सेल्समन म्हणाला, "बसा मॅडम. पोटातलं पाणी हलणार नाही!"

पहिल्याच चौकात गाडी थांबवावी लागली. सेल्समन बिचारा नव्याकोऱ्या सीटकडं बघत राहिला. दिगंबररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमचं बराबर हाय. पाणी न्हाई हललं. सकाळचा शिरा हलला!"

उंच गाडीची ट्रायल द्यायला त्यानं नाही म्हटलं नाही. पण निघायच्या आधीच वहिनींच्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. पिशवी बघूनच वहिनी खाली उतरल्या.

*

आता शोरूममध्ये परत जायची सोय राहिली नव्हती. तेव्हा शेजारच्या जब्बारभाईंनी डोकं लढवलं. जब्बारभाई नंबरप्लेट रंगवायचे. त्यांच्या मते जगातली कुठलीही गाडी म्हणजे दोन प्लेटा आणि मधली भरती.

"मियाँ, शोरूम इधरच खोलते. तेरे पास सीटां हैं, मेरे पास नंबर!"

झालं! दुकानाच्या पत्र्याखाली आम्ही दोन गाड्या बांधल्या. लांब गाडी दोन विटांवर, उंच गाडी पाच विटांवर. वर फळ्या, फळ्यांवर फोम, पुढं दोन सीट आणि मागं एक लांब सीट. पुस्तकातली मापं सोनुने गुरुजींनी पट्टीनं काढून दिली. गुरुजी शाळेत भूगोल शिकवायचे आणि शाळा सुटली की घराऐवजी आमच्याकडं यायचे. उंच गाडीपुढं मी भंगारातल्या जीपचं स्टीअरिंग लाकडात ठोकून बसवलं. लांब गाडीपुढं बसवायला दुसरं मिळालं नाही. जब्बारभाईंनी दोन्हीकडं 'एमएच ३८' लिहून पुढं जागा कोरी सोडली.

"नंबर?"

"मालिक आने दो!"

*

गाड्या हलत नव्हत्या, पण माणसं निघून जायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दुपारी रस्ता सुस्त झाला की कुणीतरी यायचं, सीटवर हात फिरवायचं आणि बसायचं. लांब गाडीत बसलेला माणूस मागं टेकायचा आणि डोळे मिटायचा. उंच गाडीतला पुढं वाकून लांब बघायचा. समोर डेपोची भिंतच होती, पण त्याला काय दिसायचं ते त्यालाच ठाऊक.

गुरुजी लांब गाडीत मागं डावीकडं बसायचे. एकदा मी विचारलं, "कुठं निघालात गुरुजी?"

"कोकणात. बोलू नको, समुद्र यायला लागलाय."

आयुष्यभर फळ्यावर समुद्रकिनारा काढणाऱ्या माणसानं समुद्र पाहिलेला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

*

एकदा एक कंडक्टर ड्यूटी संपवून आला. म्हणाला, "पाच मिनिटं बसू का?" लांब गाडीत बसला तो तासभर घोरला. जन्मभर उभ्यानं प्रवास केलेला माणूस, कोण उठवणार त्याला!

मग रस्त्यावर कुठंतरी हॉर्न वाजला. तो ताडकन उठला, काखेत बॅग चाचपली आणि आम्हा तिघांकडं बघून ओरडला, "कोण राहिलं तिकिटाचं?"

जब्बारभाई शांतपणे म्हणाले, "हम पासवाले हैं, साहब. जालना आ गया क्या?"

*

शेवटी वहिनींच्या ट्रायलचा दिवस आला. औंढ्याचा थांबा करूनच त्या आल्या, तोंड धुतलं आणि लांब गाडीत मागं बसल्या. आता गाडी हलत नाही म्हटल्यावर प्रवास कसा कळणार? म्हणून गुरुजींनी रस्ता सांगायचा, असं ठरलं.

गुरुजी भूगोलाचे, त्यात त्या दिवशी रंगात आलेले. "औंढा सोडलं. आता जिंतूरचा डोंगर. डावीकडं वळण... उजवीकडं... परत डावीकडं... समोरून ट्रक..."

"थांबवा! थांबवा!" वहिनी पिवळ्या पडल्या होत्या.

"ब्रेक मारो!" जब्बारभाई किंचाळले. दिगंबरराव लिंबू घेऊन धावले. विटांवरची गाडी लागलेली बाई उभ्या मराठवाड्यात आमच्याकडंच झाली असेल!

तासाभरानं उंच गाडी. पुन्हा मागची सीट. पुन्हा गुरुजी. या खेपेला मंठ्यापर्यंत गेल्या आणि तोंडाला पदर लावला.

"चाळीस किलोमीटर का फायदा, भाभी!" जब्बारभाई म्हणाले. पण हसलं कुणी नाही. दिगंबरराव तर दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन जमिनीकडं बघत बसले होते.

पुरुषमंडळी उंची, स्प्रिंगा आणि फोम यावर वाद घालायला लागली. वहिनींना वारं हवं होतं म्हणून त्या उंच गाडीत पुढं, पंख्यासमोर जाऊन बसल्या. आधाराला म्हणून स्टीअरिंग धरलं.

"गुरुजी, मंठ्याच्या पुढं काय हाय?"

गुरुजींनी घाबरत घाबरत सांगितलं. "जालना."

"मग?"

"औरंगाबाद. मग नगर. आता मोठा रस्ता लागला, दोन्ही बाजूंनी झाडं..."

वहिनी समोर बघत होत्या. वळण आलं की हात आपोआप फिरत होते. "बापाच्या छकड्याचा कासरा माझ्याच हातात राहायचा," त्या मध्येच म्हणाल्या, कुणाला उद्देशून नाही. गुरुजींचा आवाजही खाली आला. पुणं आलं. गुरुजींना पुढचं ठाऊक नव्हतं, ते थांबले.

"रेखानं पत्रात लिव्हलंय," वहिनी म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीपाशी डावीकडं. दारात जास्वंद हाय."

त्यांनी स्टीअरिंग डावीकडं फिरवलं आणि तसंच धरून बसल्या.  मी उगीचच शिलाईचं मशीन चालू केलं.

दिगंबरराव उठले. "ठरलं. उंच गाडी!"

आम्ही टाळ्या वाजवल्या. पाच विटांचा प्रताप, असं आमचं एकमत झालं.

*

गाडी आली, पांढरी. मी लेदरचं कव्हर चढवलं. दिगंबररावांनी वहिनींना मानानं मागं बसवलं. पाठीला उशी, मानेला उशी, खिडक्यांना पडदे. स्वतः स्टीअरिंगवर बसले. नारळ फोडून आम्ही त्यांना पुण्याकडं रवाना केलं.

दोन तासांनी जिंतूरच्या बूथवरून फोन आला.

"उस्ताद, परत फिरलो."

एवढंच. त्यानंतर कितीतरी महिने दिगंबरराव दुकानाकडं फिरकले नाहीत. मी फळ्या काढल्या. विटा गुरुजींच्या न्हाणीला गेल्या. स्टीअरिंग तेवढं खिळ्याला टांगून ठेवलं, आणि दुपारी त्याच्याकडं नजर गेली की काम सुचायचं नाही.

*

वर्ष झालं असेल. एका दुपारी पांढरी उंच गाडी दुकानापुढं थांबली. मी सुईत दोरा ओवत होतो. बाहेर आलो तर दिगंबरराव गाडीच्या डाव्या दाराशी, पत्र्याचा खांब धरून उभे. चेहरा उतरलेला.

"वैनी न्हाई आल्या?"

"आली ना. कोपऱ्यावर बांगड्या भरायला गेलीय. ते जाऊ द्या, ही डावी सीट बघा जरा, शिलाई सुटलीय."

शिलाई कोपऱ्यात सुटली होती, माणूस सीटला घट्ट धरून बसला की सुटते तशी. ती बघून झाली, आता आलोच आहे तर सगळं बघावं म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर बसायला गेलो, तर गुडघेच आत जाईनात. सीट पार पुढं ओढलेली, वर जाड उशी. फटीत सवयीनं बोट घातलं, तर हिरव्या काचेचा बांगडीचा तुकडा निघाला. मी सीट मागं सरकवायला कळ धरली.

"ती नका हलवू!" दिगंबरराव ओरडले. "मागल्या बारीला हलली तर वसमतपर्यंत बोलणी खाल्ली म्या!"

मी सीट तशीच ठेवली.

"रेखाच्या घरी जाणं झालं का?"

"चार येळा!" त्यांचा चेहरा क्षणभर उजळला. "जास्वंद हाय दारात, उस्ताद. बराबर डाव्या हाताला."

"मग आता वैनीला गाडी लागत न्हाई?"

"तिला कुठली लागती!"

तेवढ्यात समोरून वहिनी येताना दिसल्या. कोपरापर्यंत हिरवा चुडा, बोटात किल्ली फिरत होती. दिगंबररावांनी घाईघाईनं माझ्या कानाशी तोंड आणलं.

"शिलाई करतानाच डाव्या सीटला एक खिसा शिवा. लिंबू ठेवाया."

"केवढा?"

"मोठा. दोन मावतील असा."