टिंब डोक्यावर, टिंब पायाशी

एका टिंबासाठी महिनाभर अबोला धरणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच निघाला, आणि तो नेमका आमचा मामा. नोकरी माजलगावकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात, वजनकाट्यावर. जीव मात्र बाजाच्या पेटीत. मामी आमच्या वस्तीच्या गायन पार्टीचा आवाज. तिची प्रत्येक चाल मामा वहीत उतरवून ठेवायचा. तार सप्तकाचं, म्हणजे वरच्या सुरांचं, टिंब स्वराच्या बरोबर डोक्यावर; मंद्राचं, म्हणजे खालच्या सुरांचं, बरोबर पायाशी. भाजीत मीठ नसलेलं त्याला कळायचं नाही. टिंब केसभर सरकलेलं दारातूनच दिसायचं.

दुष्काळात ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंडावलं आणि मामाला रिकामपण मिळालं. त्याने काय करावं? टँकरची वाट बघत बसलेल्या बायकांना समाजमंदिरात नेऊन स्वरलिपी शिकवायला घेतली. फळ्यावर तार सप्तक लिहिलं. बायका एकमुखाने नाकातून गाऊ लागल्या, "सां, रें, गं!"

"समद्यायला एकदम सर्दी कावून झाली?" मामा हबकला.

"आमी काय करावं? तुमीच अनुस्वार दिलाय की!"

"तो अनुस्वार न्हाई, सप्तक हाय!"

मामी हसून हसून भिंतीला टेकली.

पायपेटीची तऱ्हा आणखी निराळी. भाता पायाने कुठे जोरात दाबायचा, ते दाखवायला मामाने ओळीखाली 'पा' लिहिलं, तर वाजवणाऱ्याने तिथे पंचम वाजवला. मग मामाने ओळीखाली इवली इवली पावलं काढली. घाटनांदूरहून मदतीला आलेल्या पेटीवाल्याने वही बघितली, चपला काढल्या आणि हात जोडून विचारलं, "कुण्या महाराजाच्या पादुका म्हनायच्या ह्या?"

"तुमचेच पाय हायेत. बसा आन् दाबा."

त्याच वर्षी मामीच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परतला, पण वरचा सा काही परतला नाही. जयंतीचा कार्यक्रम तोंडावर आला होता. गाण्याची पट्टी खाली उतरवून पाहिली, तर खालचे सूर ऐकूच येईनात. "दुसरीला उभी करा. माझं गाणं सरलं," मामी म्हणाली आणि चुलीकडे तोंड करून बसली. दोन दिवस मामा दाढीचं ब्लेड घेऊन वहीवर वाकलेला होता. टिंबं रेखीव करत असेल, असं मला वाटलं. जवळ जाऊन पाहतो तर तो डोक्यावरची टिंबं खरवडून काढत होता, पानामागून पान.

"मामा, चाल बिघडंल की!"

"बिघडू दी. ती गाईल तीच चाल."

जयंतीला मामी उभी राहिली. उंच ओळी मधल्या सप्तकात गायली, जरा बिचकत, मग मोकळी होत. समोरून कुणीतरी पुटपुटलं, "आवाज लई उतरला की." पेटीवर मामाच होता; त्या जागी वरचा सा वाजवून सांभाळून घेणं त्याला सहज जमलं असतं. मला तर तो सूर कानात ऐकू येत होता. मामाचं बोट तिकडे गेलं नाही. त्या रात्रीच नव्हे, पुढे कधीच गेलं नाही; आणि ते आठवलं की मला आजही भरून येतं.